श्रीलंकेला कुणी बुडवले, कुणी तारले?

१९५२ साली सिलोनपुढे, म्हणजे आजच्या श्रीलंकेपुढे, एकच प्रश्न होता: तांदूळ आणायचा कुठून? कोरियातल्या युद्धाने जगभर तांदळाचे भाव चढले होते आणि बेटावर पिकणारा भात लोकांना पुरत नव्हता. विकायला देशाकडे रबर होते, पण त्याचे भाव घसरत होते. अमेरिकेकडून ना सवलतीचा तांदूळ मिळाला, ना रबराला मनासारखी किंमत. इकडे कम्युनिस्ट चीनला रबराची निकड होती, कारण युद्धामुळे लादलेल्या निर्बंधांपायी ते त्याला कुणी विकत नव्हते. डिसेंबर १९५२ मध्ये दोघांनी पाच वर्षांचा करार केला. सिलोनने रबर द्यायचे आणि चीनने तांदूळ. रबराला चीनने बाजारभावाहून चढा दर दिला.

हा करार करणारे डडली सेनानायके यांचे सरकार डाव्या विचाराचे मुळीच नव्हते. ते उघडपणे पाश्चात्त्यांकडे झुकलेले होते. त्रिंकोमालीत ब्रिटिश नौदलाचा तळ होता आणि चीनशी राजदूतांची देवाणघेवाण व्हायला १९५७ साल उजाडायचे होते. तरीही सरकारने चीनशी व्यवहार केला, कारण माणसांना भात हवा होता. अमेरिकेने शिक्षा म्हणून मदत रोखली आणि ती १९५६ मध्ये पुन्हा सुरू केली. रबर-तांदूळ करार मात्र मुदतवाढ मिळत तीस वर्षे टिकला.

बड्या सत्ता लहान देशांवर प्रभाव कसा टाकतात हे समजून घ्यायचे तर या करारापासून सुरुवात करावी. प्रस्थापित सत्ता जी गरज भागवत नाही, तिथे उगवती सत्ता शिरते. पण मिळालेल्या संधीचे पुढे काय होते, हे त्या लहान देशाच्या स्वतःच्या कारभारावर ठरते. श्रीलंकेच्या पुढच्या सत्तर वर्षांनी हे दोन्ही नियम पुनःपुन्हा सिद्ध केले. आपल्याकडे मात्र ही सगळी कहाणी ‘चीनने कर्जाच्या सापळ्यात अडकवले’ या एका वाक्यात गुंडाळली जाते. ते वाक्य अर्धवट आहे, आणि शेजारी म्हणून आपली दिशाभूल करणारे आहे.

बेटाची जागा

श्रीलंकेच्या दक्षिण टोकापासून अवघ्या काही सागरी मैलांवरून पूर्व-पश्चिम जलमार्ग जातो. आखाती देशांचे तेल चीन, जपान आणि कोरियाकडे नेणारी आणि पूर्व आशियाचा माल युरोपकडे नेणारी जहाजे याच वाटेने जातात. पूर्व किनाऱ्यावरचे त्रिंकोमाली हे जगातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक. सिंगापूर पडल्यावर ब्रिटिश नौदलाला त्याचा आधार होता, म्हणूनच एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी आधी कोलंबोवर आणि चार दिवसांनी त्रिंकोमालीवर हल्ला केला. नौदलाच्या इंधनासाठी ब्रिटिशांनी तिथे शंभराच्या आसपास प्रचंड टाक्या बांधल्या. त्यातल्या ९९ आजही उभ्या आहेत.

एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांच्या सरकारने १९५७ मध्ये ब्रिटिशांचे तळ परत घेतले. पुढे सिरिमावो बंडारनायके यांच्या सरकारने परदेशी तेल कंपन्यांची मालमत्ता ताब्यात घेतली, तेव्हा १९६३ मध्ये अमेरिकेने पुन्हा मदत थांबवली. चीनने कोलंबोत एक भव्य परिषदगृह भेट म्हणून बांधून दिले. ते १९७३ मध्ये खुले झाले आणि तीनच वर्षांनी अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद तिथे भरली. पुढे चीनच्या पैशाने जे उभे राहिले, त्याच्या कितीतरी आधीची ही ओळख आहे.

१९७७ नंतर जे. आर. जयवर्धने यांनी अर्थव्यवस्था खुली केली आणि परराष्ट्र धोरण अमेरिकेच्या दिशेने वळवले. दिल्लीला त्याची काळजी वाटू लागली. तमिळ प्रश्न पेटत गेला आणि २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी व जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. करारासोबत दोघांनी एकमेकांना पत्रे दिली. भारताच्या हिताला बाधा येईल अशा रीतीने त्रिंकोमाली वा अन्य बंदर कोणत्याही देशाला लष्करी वापरासाठी दिले जाणार नाही, आणि त्या तेलटाक्या दोन्ही देश मिळून पुन्हा वापरात आणतील, अशी हमी त्या पत्रांत होती.

कागदावर भारताला हवे ते सारे मिळाले होते. प्रत्यक्षात करारानंतर तिथे गेलेली भारताची शांतिसेना यादवी युद्धात ओढली गेली, अकराशेहून अधिक भारतीय जवान मृत्युमुखी पडले आणि १९९० मध्ये ती परत आली. तेलटाक्यांचा करार तर खऱ्या अर्थाने जानेवारी २०२२ मध्ये झाला. ६१ टाक्या संयुक्त कंपनीकडे गेल्या, १४ इंडियन ऑइलच्या श्रीलंकेतील कंपनीकडे राहिल्या आणि २४ श्रीलंकेच्या पेट्रोलियम महामंडळाने स्वतःकडे ठेवल्या. १९८७ च्या पत्रातले एक वाक्य अमलात यायला साडेचौतीस वर्षे लागली. शेजाऱ्याच्या मनाविरुद्ध मिळवलेल्या हमीची किंमत एवढीच असते.

युद्धानंतरची पोकळी

मे २००९ मध्ये तमिळ वाघांचा पाडाव होऊन युद्ध संपले. अखेरच्या टप्प्यात हजारो नागरिक मारले गेले आणि पाश्चात्त्य देशांनी त्याचा जाब विचारायला सुरुवात केली. हे प्रश्न न्याय्य होते आणि त्यांची उत्तरे आजही पुरती मिळालेली नाहीत. युरोपीय संघाने २०१० मध्ये श्रीलंकेच्या मालाला दिलेली आयातकराची खास सवलत काढून घेतली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत अमेरिकेने श्रीलंकेविरुद्ध मांडलेल्या ठरावाला भारतानेही मत दिले. तमिळनाडूचे राजकारण दिल्लीला टाळता येण्यासारखे नव्हते.

महिंदा राजपक्षे यांच्या सरकारला रस्ते, बंदरे, वीजकेंद्रे उभारायची होती. चीनकडे पैसा होता, बांधकाम कंपन्या होत्या आणि तो मानवाधिकारांचा प्रश्न काढत नव्हता. शिवाय युद्धाच्या काळात त्याने शस्त्रेही पुरवली होती. १९५२ प्रमाणेच इथेही जुन्या सत्तांनी पाठ फिरवलेल्या ठिकाणी चीन उभा राहिला.

हंबनटोटात नेमके काय घडले

हंबनटोटाला बंदर बांधण्याची कल्पना चीनची नव्हती. ती श्रीलंकेत जुनीच होती, आणि २००३ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने तिचा व्यवहार्यता अहवालही केला होता. हा राजपक्षे यांचा जिल्हा. प्रस्ताव आपण आधी भारताला दिला होता, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. अखेरीस चीनच्या एक्झिम बँकेने पहिल्या टप्प्यासाठी ३० कोटी ७० लाख डॉलरचे कर्ज ६.३ टक्के व्याजाने दिले. दुसऱ्या टप्प्याची मोठी कर्जे २ टक्क्यांच्या आसपास होती. बांधकाम २००८ मध्ये सुरू झाले आणि बंदर नोव्हेंबर २०१० मध्ये खुले झाले. पण जहाजे फारशी फिरकली नाहीत. कोलंबोसारखे मुरलेले बंदर हाताशी असताना जहाज कंपन्यांना तिथे जाण्याचे कारणच नव्हते.

२०१७ मध्ये हे बंदर चायना मर्चंट्स या कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले आणि त्यापोटी श्रीलंकेला १.१२ अब्ज डॉलर मिळाले. हप्ते थकले म्हणून चीनने बंदर जप्त केले, अशी बातमी तेव्हापासून जगभर फिरते आहे. व्यवहार तसा झालाच नाही. मिळालेल्या पैशातून बंदराचे कर्ज फेडले गेले नाही. ते श्रीलंका सरकारच्या डोक्यावर तसेच राहिले. १.१२ अब्ज डॉलर परकीय गंगाजळीत जमा झाले, कारण त्या वर्षांत डॉलरमधल्या इतर देण्यांचा डोंगर समोर उभा होता. बंदर भाड्याने देऊन सरकारने रोकड उभी केली आणि ती रोकड मुख्यतः दुसऱ्याच धनकोंसाठी लागत होती.

याने चीन निर्दोष ठरतो असे नाही. तोट्याचे प्रकल्प पुढे रेटणे, कर्जाच्या अटी गुप्त ठेवणे आणि सत्ताधारी घराण्याच्या हट्टाला पैसा पुरवणे याची जबाबदारी त्याच्यावर आहेच. ९९ वर्षे एका मोक्याच्या बंदराचा ताबा मिळणे हा लाभही छोटा नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये शी जिनपिंग यांनी कोलंबोत सागरात भराव घालून उभारायच्या १.४ अब्ज डॉलरच्या पोर्ट सिटीचा शुभारंभ केला. त्याच महिन्यात चिनी पाणबुडी कोलंबोच्या बंदरात आली आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा आली. भारताने आक्षेप घेतला तो याच कारणाने. पैशामागून नौदल येते, ही शंका निराधार नव्हती.

खरा सावकार कोण?

श्रीलंकेच्या कर्जाचा हिशेब नीट मांडला की चित्र बदलते. श्रीलंकेने २००७ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय बाजारात ५० कोटी डॉलरचे रोखे विकले. हे सोपे वाटले, म्हणून पुढे तेच होत राहिले. संकट आले तेव्हा अशा रोख्यांचे देणे सुमारे साडेबारा अब्ज डॉलर होते. ते घेणारे होते न्यूयॉर्क, लंडनमधले गुंतवणूक निधी. चीनच्या सर्व बँकांचे कर्ज एकत्र केले तरी ते सरकारच्या परकीय कर्जाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढे होते, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

सवलतीची कर्जे आणि रोखे यांच्या स्वभावातही फरक आहे. जपान, जागतिक बँक किंवा आशियाई विकास बँक कमी व्याजाने आणि दीर्घ मुदतीने कर्ज देतात. रोख्यांना व्याज जास्त असते आणि मुदत संपताच मुद्दल एकदम परत करावी लागते. श्रीलंका मध्यम उत्पन्नाच्या देशांत गणली जाऊ लागल्यावर सवलतीची कर्जे आटत गेली आणि महागडे रोखे वाढत गेले. प्रस्थापित जगाची वित्तव्यवस्था थोड्या प्रगतीनंतर देशाला बाजाराच्या हवाली करते आणि तिथे दया नसते. हा प्रभावच आहे, फक्त त्याला झेंडा नसल्याने तो डोळ्यांत भरत नाही.

घरचा कारभार याहून वाईट होता. डिसेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला आणि तिजोरीला मोठे भगदाड पडले. त्याआधी एप्रिल २०१९ च्या ईस्टरला झालेल्या बॉम्बस्फोटांनी पर्यटन बसले होते, मग कोविडने ते संपवले. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी आली. शेतकरी देशोधडीला लागले, भात आणि चहा दोन्ही पिकांना फटका बसला आणि काही महिन्यांत बंदी उठवावी लागली. यातला एकही निर्णय बीजिंगने, वॉशिंग्टनने किंवा दिल्लीने घेतलेला नव्हता.

जानेवारी २०२२ मध्ये देशात इंधनाची चणचण असताना सरकारने ५० कोटी डॉलरच्या रोख्यांची परतफेड केली. मार्चमध्ये वीज दिवसाला तेरा तासांपर्यंत जाऊ लागली. कागद नसल्याने पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा लांबणीवर पडल्या. १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले. स्वातंत्र्यानंतरची ही पहिलीच नादारी. लोक रस्त्यावर उतरले, ९ जुलैला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि चार दिवसांनी गोटाबाया देश सोडून गेले.

संकटात कोण आले

सत्तांची खरी परीक्षा अशा वेळी होते. चीनने २०२१ मध्ये १० अब्ज युआनची चलन-अदलाबदल दिली होती. पण तीन महिन्यांच्या आयातीएवढी गंगाजळी असेल तरच ती वापरता येईल, अशी अट होती. गंगाजळी आटल्यावर ती रक्कम कागदावरच राहिली. जुनी कर्जे माफ करण्यापेक्षा नवे कर्ज देऊन जुने फेडावे, हीच चीनची रीत होती. आपल्या बँकांनी श्रीलंकेला सवलत दिली तर उद्या आफ्रिकेपासून पाकिस्तानपर्यंत सगळे तेच मागतील, ही भीती त्यामागे होती.

भारताने त्या एका वर्षात सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. अन्नधान्य व औषधांसाठी १ अब्ज डॉलरचे कर्ज, इंधनासाठी ५० कोटींचे, ४० कोटींची चलन-अदलाबदल आणि जुन्या देण्यांना मुदतवाढ, असे तिचे स्वरूप होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मार्च २०२३ मध्ये मंजूर केलेले कर्ज चार वर्षांत मिळून सुमारे ३ अब्ज डॉलरचे आहे, हे पाहिले की भारताच्या मदतीचा आकार कळतो. जानेवारी २०२३ मध्ये कर्जाच्या पुनर्रचनेची लेखी हमी नाणेनिधीला सर्वांत आधी भारताने दिली. त्यानंतर इतर धनकोंनाही मागे राहणे अवघड झाले.

पुढचा टप्पाही बोलका आहे. भारत, जपान आणि फ्रान्स यांनी धनको देशांची एक समिती मिळून चालवली. चीन तिच्यात आला नाही, त्याने वेगळी बोलणी केली. २६ जून २०२४ रोजी समितीशी ५.८ अब्ज डॉलरच्या आणि चीनच्या एक्झिम बँकेशी ४.२ अब्ज डॉलरच्या कर्जाच्या पुनर्रचनेचे करार झाले. रोखेधारकांचा तिढा त्या वर्षाच्या अखेरीस सुटला. श्रीमंत देशांच्या जुन्या चौकटीत चीन बसायला तयार नाही, आणि त्याला वगळून कुठलीही कर्ज-पुनर्रचना पुरी होत नाही. परिणामी बुडणाऱ्या देशाला तारण्याचे काम आता पूर्वीपेक्षा संथ झाले आहे. त्या विलंबाची किंमत रांगेत उभी राहणारी माणसे मोजतात.

कोलंबोच्या धक्क्यावर

कोलंबो बंदरात येणाऱ्या कंटेनरांचा मोठा हिस्सा भारतातून येणारा किंवा भारताकडे जाणारा असतो. मोठ्या जहाजातून माल तिथे उतरतो आणि लहान जहाजांनी भारतीय बंदरांत पोहोचतो. म्हणजे हे बंदर भारताच्या व्यापारावर जगते. याच बंदरात एक टर्मिनल ८५ टक्के मालकीने चायना मर्चंट्स चालवते. २०१९ मध्ये श्रीलंकेने भारत आणि जपानशी पूर्व टर्मिनलबाबत समझोता केला, पण कामगार संघटनांच्या विरोधानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये तो मोडला. बदल्यात पश्चिम टर्मिनल अदानी समूहाला स्थानिक कंपनीच्या भागीदारीत मिळाले. अमेरिकेच्या सरकारी वित्तसंस्थेने त्यासाठी ५५ कोटी ३० लाख डॉलरचे कर्ज जाहीर केले. अदानी समूहाने पुढे ते न घेता स्वतःच्या पैशाने काम केले आणि २०२५ मध्ये टर्मिनल सुरू झाले.

एकाच बंदरात चीनची कंपनी, भारताची कंपनी आणि श्रीलंकेचे स्वतःचे बंदर प्राधिकरण शेजारी शेजारी काम करतात. यात कोलंबोची चतुराई आहे. कुणालाच पूर्ण दार उघडायचे नाही आणि कुणालाच पूर्ण बंद करायचे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताचा आक्षेप असूनही ‘युआन वांग ५’ हे चिनी संशोधन जहाज हंबनटोटाला आले. पुढे जानेवारी २०२४ पासून श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर सरसकट मनाई केली. नाव कुणाचे घेतले नाही, पण दिल्लीची काळजी दूर झाली.

अमेरिकेकडे आणखी वेगळे हत्यार आहे, ते म्हणजे ग्राहक. श्रीलंकेची सर्वांत मोठी निर्यात तयार कपड्यांची आणि अमेरिका हा तिच्या मालाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक देश. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने श्रीलंकेच्या मालावर ४४ टक्के आयातशुल्क जाहीर केले, तेव्हा नुकत्याच सावरू लागलेल्या देशाच्या पायाखालची जमीन सरकली. वाटाघाटींनंतर ते २० टक्क्यांवर आले. एका घोषणेने लाखो कामगार स्त्रियांचा रोजगार टांगणीला लागतो, आणि त्यासाठी ना तळ लागतो, ना कर्ज.

आपण काय शिकायचे

सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले अनुरा कुमारा दिसानायके डाव्या पक्षाचे, आणि त्यांच्या पक्षाचा इतिहास भारतविरोधाचा. तरी पहिला परदेश दौरा त्यांनी भारताचा केला. जानेवारी २०२५ मध्ये ते चीनला गेले आणि हंबनटोटात ३.७ अब्ज डॉलरच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा करार करून आले. एप्रिलमध्ये भारताशी संरक्षण सहकार्याचा समझोता झाला आणि त्रिंकोमालीत ऊर्जाकेंद्र उभारण्यासाठी भारत व संयुक्त अरब अमिरातीबरोबर करार झाला. १९५२ च्या सेनानायकांप्रमाणेच हे सरकारही आधी आपल्या लोकांच्या गरजेकडे पाहते. त्याला गद्दारी म्हणणे आपल्याला शोभत नाही. आपणही तेलाच्या खरेदीत हेच करतो.

श्रीलंकेपुरता धडा स्पष्ट आहे. परकीय पैसा वाईट नसतो. बिनहिशेबी आणि गुप्त अटींवर घेतलेला पैसा घातक असतो, मग तो बीजिंगचा असो की न्यूयॉर्कचा. ज्या देशाची करवसुली ठीक आहे, ज्याच्या संसदेत कर्जाच्या अटींवर चर्चा होते, तो देश बड्या सत्तांच्या चढाओढीतून स्वतःचा फायदा करून घेऊ शकतो. ज्याची तिजोरी रिकामी आहे, त्याला ज्याने हात पुढे केला त्याचे ऐकावे लागते.

आणि आपल्यापुरता धडा असा की १९८७ च्या पत्रांनी आणि सैन्याने जे साधले नाही, ते २०२२ च्या इंधन-औषधांनी बरेचसे साधले. शेजारी देशाशी वागताना तत्परता, पारदर्शक अटी आणि त्याच्या निर्णयाचा मान राखणे, यांतूनच टिकाऊ प्रभाव निर्माण होतो. पुढच्या वेळी कुठल्या शेजाऱ्याच्या कर्जाची बातमी वाचाल, तेव्हा चार प्रश्न जरूर विचारा: पैसा कुणाचा, व्याज किती, अटी कुणी पाहिल्या आणि त्या देशाच्या जनतेला विचारले का? उत्तरे मिळेपर्यंत ‘सापळा’ हा शब्द वापरू नका.